शेणखत आणि कोंबडीखतापासून कृत्रिम ह्युमिक पदार्थ कसे तयार करावेत

कृषी सेवा केंद्रात ‘ह्युमिक’ म्हणून मिळणारे काळे द्रावण किंवा चमकदार काळे दाणे बहुतेक वेळा लिओनार्डाइटपासून काढलेले असतात. लिओनार्डाइट म्हणजे पृष्ठभागाजवळ राहून हवेने मुरलेला लिग्नाइट कोळसा. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात या साठ्यांचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ ए. जी. लिओनार्ड यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. कोळसा मुरण्यास लाखो वर्षे लागतात. परंतु त्याच्याशी पुष्कळ साम्य असलेले पदार्थ गोठ्यातील शेणापासून तीन-चार महिन्यांत आणि बंद दाबपात्रात तर एका दिवसातही मिळवता येतात. यांपैकी पहिली वाट शेतकऱ्याने स्वतः चालावी अशी आहे. दुसरी वाट प्रयोगशाळेपुरती किंवा प्रमाणित यंत्रसामग्री असलेल्या कारखान्यापुरती ठेवणेच योग्य आहे.

ह्युमिक म्हणजे नेमके काय

ह्युमिक आम्ल हे एका ठरावीक रेणूचे नाव नाही. या पदार्थांची व्याख्या त्यांच्या विरघळण्यावरून केली जाते. अल्कधर्मी पाण्यात विरघळते, पण सामू (पीएच) १ ते २ पर्यंत उतरवल्यावर साका होऊन खाली बसते ते ह्युमिक आम्ल होय. कोणत्याही सामूला विरघळलेलेच राहते ते फल्विक आम्ल, आणि अल्कातही न विरघळता मागे उरतो तो चोथा म्हणजे ह्युमिन. अल्काने काढायचे आणि आम्लाने बसवायचे ही रीत १७८६ मध्ये बर्लिनच्या फ्रान्झ कार्ल आखार्ड यांनी दलदलीतील पीटवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर, प्रथम वापरली. (बीटापासून साखर काढण्याची पद्धत रुळवणारे आखार्ड ते हेच.) अडीचशे वर्षे होत आली तरी रीत मुळात तीच आहे. असे पदार्थ मातीत मुळातच असतात, की अल्काच्या प्रक्रियेतून ते त्या रूपात हाती येतात, हा वाद मात्र मिटलेला नाही. २०१५ मध्ये योहान्स लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’मधील लेखात ‘मातीतील ह्युमिक’ या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच, की ‘कृत्रिम’ या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. मात्र काळ्या रंगालाच ह्युमिक समजण्याची चूक करू नये. काकवी काळी असते आणि आसवनीची मळीही काळी असते.

कच्चा माल

सर्वांत भरवशाचा कच्चा माल गाई-म्हशींचे शेण हा आहे. जनावराच्या पोटात सहज पचणारा भाग निघून गेलेला असतो आणि कडब्यातील, गवतातील लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा, सहज न कुजणारा घटक) बऱ्याच अंशी तसेच उरलेले असते. ह्युमिक पदार्थांचा सांगाडा मुख्यतः त्याच लिग्निनपासून उभा राहतो. याच कारणाने गोबरगॅस संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी ताज्या शेणापेक्षाही सरस ठरते. ती पातळ असल्यामुळे वाळूच्या थरावर पसरून तिच्यातील पाणी निथळून घ्यावे लागते. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्याही चालतात, फक्त त्या आधी भिजवून फोडून घ्याव्यात.

कोंबडीखताच्या बाबतीत भेद करणे आवश्यक आहे. मांसल कोंबड्यांच्या शेडमधील तुसाचे लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेले अंथरूण, वापरता येते. अंड्यांवरील कोंबड्यांच्या पिंजऱ्याखालचे खत मात्र या कामासाठी मी सुचवणार नाही. टरफल घट्ट व्हावे म्हणून त्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा भुगा भरपूर असतो. त्यातील कॅल्शियम ह्युमिक आम्लाला धरून ठेवते आणि अल्काने ते सुटून येत नाही. ते खत शेतात थेट घालण्यास उत्तम आहे. वराहपालनातील विष्ठेत, आणि काही वेळा कोंबडीखतातही, खाद्यातून आलेले तांबे आणि जस्त जास्त असते. ह्युमिक आम्ल धातूंना घट्ट बांधून ठेवत असल्याने तयार द्रावणात ते सोबत येतात, म्हणून अशा मालाची धातूंसाठी तपासणी करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

गोमूत्र आणि गोठ्याचे धुवण ढिगात मुरवावे, अल्काच्या पिंपात कधीही घालू नये. सामू वाढला की अमोनियमचे रूपांतर अमोनिया वायूत होते, डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि नत्र हवेत उडून जाते. ताज्या कोंबडीखतावर कॉस्टिक ओतल्यास हेच घडते. त्यामुळे मुरवणे आधी आणि अल्क नंतर हा क्रम बदलू नये.

ढीग मुरवणे

शेणात निम्म्याहून कमी आकारमानाने चिरलेले उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट किंवा गव्हांडा मिसळावा. कोंबडीच्या लिटरमध्ये नत्र फार असल्याने त्याच्या एका भागास दोन ते तीन भाग पाचट घ्यावे. मिश्रणाचे कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास आले म्हणजे ढीग नीट तापतो. पाचटाचे तुकडे बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब नसावेत, कारण लांब पाती ढिगात चटईसारखी एकमेकांवर बसतात आणि हवा अडते. ओलाव्याची परीक्षा मुठीने होते: मूठ घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत, धार लागू नये. हा ओलावा ५० ते ६० टक्के भरतो.

ढीग चार ते पाच फूट उंच असावा. दोन-चार दिवसांत आतील तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि तेथे ते किमान तीन दिवस टिकले पाहिजे, कारण रोगजंतू आणि तणांचे बी याच टप्प्यात मरते. लांब दांड्याचा तापमापक नसेल तर लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटे खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर ढीग तापला आहे असे समजावे. दर आठ-दहा दिवसांनी पलटणी देऊन बाहेरचा भाग आत घ्यावा आणि ओलावा सांभाळावा. पावसाळ्यात ढिगावर छप्पर हवेच, कारण वाहून जाणारे तपकिरी पाणी म्हणजे आपलाच माल होय.

पुसदच्या पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांच्या नावाने ओळखला जाणारा जाळीदार विटांचा हौद महाराष्ट्रात अनेकांकडे असतो. खतासाठी तो चांगलाच आहे, परंतु त्या पद्धतीत मातीचे थर घालावे लागतात आणि अल्क पडल्यावर मातीतील चिकण कण द्रावणात विखुरतात. मग द्रावण कितीही गाळले तरी गढूळ राहते आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. म्हणून या कामासाठीचा ढीग मातीविना आणि फरशीवर किंवा जाड ताडपत्रीवर लावावा. तापण्याचा टप्पा संपल्यावर गांडुळे सोडल्यास आणखी चांगले, कारण शेणाचे गांडूळखत ह्युमिक काढण्यास फार सोयीचे असते.

तीन ते चार महिन्यांनी ढिगाचे तापमान बाहेरच्या हवेइतके होते, पलटी देऊनही ते वाढत नाही, मूळ शेण-पाचट ओळखू येत नाही आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो. या स्थितीच्या अलीकडे घाई केली तर द्रावणात ह्युमिकऐवजी अर्धवट कुजलेल्या सालींचा आणि शर्करांचा अंश जास्त येतो, आणि ते द्रावण कॅनमध्ये आंबून फुगते.

अल्काने काढणे

येथे कॉस्टिक सोडा वापरू नये. तो स्वस्त आणि सहज मिळणारा आहे, परंतु त्यातील सोडियम आपल्या चोपण होऊ पाहणाऱ्या काळ्या जमिनीत घालणे म्हणजे औषधाबरोबर दुखणे विकत घेणे होय. कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, महाग असले तरी त्यातील पोटॅश पिकालाच मिळते. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे पिंप असावे. ॲल्युमिनियमचे पातेले किंवा घमेले मुळीच चालत नाही. अल्क त्याला खाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. गॉगल, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय पुडा उघडू नये, आणि भरपूर स्वच्छ पाण्याची बादली हाताशी असावी.

प्रमाण असे घ्यावे. चाळलेले मुरलेले खत १० किलो (त्यात सुमारे ४० टक्के ओलावा धरला आहे), पाणी ५० लिटर आणि ९० टक्के शुद्धतेचे कॉस्टिक पोटॅशचे पापुद्रे ६२० ग्रॅम. शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, कारण विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी येथेच अर्धे काम बिघडवते. या ५० लिटरपैकी ५ लिटर थंड पाणी वेगळ्या बादलीत घेऊन त्यात पापुद्रे थोडे थोडे सोडावेत. कॉस्टिक पाण्यात घालावे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. विरघळताना ही बादली पंचवीस-तीस अंशांनी तापेल, हे गृहीत धरावे. उरलेल्या पाण्यात खत कालवून त्यात हे द्रावण ओतावे आणि लाकडी दांड्याने ढवळावे.

पिंपाला झाकण हवे, कारण अल्कधर्मी स्थितीत ह्युमिक पदार्थ हवेतील ऑक्सिजनने झपाट्याने बदलतात; प्रयोगशाळेत तर ही क्रिया नायट्रोजन वायूखाली करतात. तरीही झाकण हवाबंद करू नये. दिवसातून चार-पाच वेळा ढवळत चोवीस तास ठेवावे. चुलीची सोय असल्यास स्टीलच्या भांड्यात ६० ते ७० अंशांवर दोन-तीन तास ठेवूनही काम होते, परंतु उकळी येऊ देऊ नये. त्यानंतर ढवळणे थांबवून रात्रभर निवळू द्यावे आणि वरचे गर्द तपकिरी द्रावण आधी गोणपाटातून व नंतर दुहेरी सुती कापडातून गाळावे. साधारण ४० लिटर हाती येते.

त्याचा सामू मीटरने मोजावा. सामूकागद या रंगात बुडवला की त्यावर काहीच वाचता येत नाही. सामू १० च्या वर असेल तर पातळ केलेले फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून तो ९ पर्यंत आणावा. ७ च्या खाली जाण्याचे कारण नाही, कारण जितके आम्लाकडे जावे तितके ह्युमिक आम्ल गुठळ्या धरून तळाशी बसू लागते. कॉस्टिक पोटॅश हाताळणे ज्यांना नको वाटते त्यांनी केळीच्या खुंटांची राख पाण्यात भिजवून त्या निवळीत खत भिजवले तरी चालते. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट सौम्य अल्क असल्याने उतारा कमी पडतो, पण डोळ्यांना धोकाही तुलनेने कमी असतो.

द्रावणाची पारख

पारदर्शक काचेच्या भांड्यात १०० मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि प्रयोगशाळेतील पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घालून सामू १ ते २ वर आणावा. फेस येईल, तो बसू द्यावा. चोवीस तासांत तपकिरी-काळा साका तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहते. साका हे ह्युमिक आम्ल आणि पिवळे पाणी हा फल्विक अंश होय. व्हिनेगरने ही परीक्षा होत नाही, कारण त्याने सामू इतका खाली उतरत नाही. साका वजन केलेल्या गाळणकागदावर घेऊन, थोड्या पाण्याने धुऊन, ६० अंशांवर वाळवून तोलावा. समजा तो अर्धा ग्रॅम भरला, तर एका लिटरमध्ये ५ ग्रॅम आणि ४० लिटरमध्ये २०० ग्रॅम ह्युमिक आम्ल आहे असा हिशोब होतो. विकतच्या बाटलीवरही हीच परीक्षा करून पाहावी. आम्ल घालूनही काहीच बसले नाही तर काळ्या रंगाचे श्रेय दुसऱ्या कशाला तरी द्यावे लागेल. जवळच्या महाविद्यालयात वर्णपटमापी असेल तर ४६५ आणि ६६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर काढून घ्यावे. ते सामान्यतः ह्युमिक आम्लात ५ च्या खाली आणि फल्विक आम्लात ६ ते ८.५ च्या दरम्यान असते.

दाबपात्राची वाट

काटेकोर अर्थाने ‘कृत्रिम ह्युमिक पदार्थ’ हा शब्द ज्या पद्धतीसाठी वापरला जातो ती ही. बंद पात्रात पाणी तापवून सेंद्रिय पदार्थांचा कोळसा करण्याचा प्रयोग जर्मनीचे फ्रीडरिख बेर्गिउस यांनी १९१३ मध्ये मांडला होता. त्या प्रक्रियेत आम्ले तयार होऊन सामू घसरतो आणि हाती मुख्यतः कोळसा येतो. सुरुवातीलाच पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ही घसरण थोपवली, तर कोळशाऐवजी ह्युमिक व फल्विक आम्ले मोठ्या प्रमाणात तयार होतात. पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतील मार्कुस अँटोनिएट्टी आणि चीनमधील हार्बिनच्या ईशान्य कृषी विद्यापीठातील फान यांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. पात्रात सेल्युलोज फुटून शर्करा, त्यांच्यापासून फ्युरान आणि लहान आम्ले तयार होतात, लिग्निनपासून फिनॉले सुटतात, आणि हे तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून मोठे तपकिरी रेणू बनतात. शेणातील प्रथिनांमुळे त्यात आणखी एका क्रियेची भर पडते: शर्करा आणि अमिनो आम्ले मिळून तपकिरी पदार्थ तयार होणे, म्हणजे भाकरीच्या पापुद्र्यावर डाग पडताना घडते तीच मैलार्ड क्रिया.

शेणाच्या बाबतीत या पद्धतीचा खरा फायदा इंधनाचा आहे. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. एक किलो पाणी उडवून लावण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, तर तेच पाणी बंद पात्रात ३० वरून २०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ७३० किलोज्यूल पुरतात. वाळवण्याची गरजच उरत नाही.

प्रयोगशाळेत टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या स्टीलच्या दाबपात्रात कोरड्या वजनाने एक भाग शेण, दहा भाग पाणी आणि सामू १२ ते १३ होईल इतके पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्यावे, आणि १८० ते २०० अंशांवर बारा ते चोवीस तास ठेवावे. पात्र साठ टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, कारण २०० अंशांना पाणी सुमारे १५ टक्क्यांनी फुगते आणि काठोकाठ भरलेले पात्र फुटते. पात्र आपोआप खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, आणि उघडताना अमोनिया व कार्बन डायऑक्साइड सुटत असल्याने ते धूरपेटीतच (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या प्रयोगशाळेतील कपाटात) उघडावे. पुढची गाळणी आणि आम्लाची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणेच करावी.

हे घरी करू नये, असे स्पष्टच सांगतो. १८० अंशांना वाफेचा दाब १० बार आणि २०० अंशांना १५ बारच्या वर असतो. स्वयंपाकाचा कुकर साधारण १२० अंशांपर्यंतच जातो आणि त्याहून अधिक दाबासाठी तो बनवलेलाच नसतो. शिवाय बहुतेक कुकर ॲल्युमिनियमचे असतात. वेल्डिंग करून बनवलेले पिंप तर बॉम्बच ठरेल. शेतकरी उत्पादक कंपनीला मोठ्या प्रमाणावर काम करायचे असेल तर प्रमाणित दाबपात्र, सुरक्षा झडप आणि प्रशिक्षित चालक यांची तयारी आधी करावी. ज्यांच्याकडे बगॅसवर चालणारे बॉयलर आणि वाफ आधीच आहे अशा साखर कारखान्यांनी याचा विचार केल्यास ते अधिक सयुक्तिक होईल, असे माझे मत आहे.

दाबपात्रातील मालात फ्युरान आणि फिनॉले शिल्लक राहू शकतात व ती कोवळ्या मुळांना मारक असतात. म्हणून प्रत्येक घाण्याची बियाण्यांवर चाचणी घ्यावी: शंभरपट पातळ केलेल्या द्रावणात भिजवलेल्या कागदावर मुगाचे किंवा मेथीचे २० दाणे आणि साध्या पाण्यावर २० दाणे ठेवून चौथ्या दिवशी उगवण व मुळांची लांबी ताडून पाहावी. मुळे साध्या पाण्यातील मुळांपेक्षा आखूड किंवा टोकाशी तपकिरी दिसली तर तो घाणा पुन्हा ढिगात मुरवावा.

वापर

द्रावण ज्या पाण्यात मिसळायचे त्याच पाण्यात आधी बाटलीत मिसळून तासभर ठेवावे. गुठळ्या दिसल्या तर पाण्यातील कॅल्शियमने ह्युमिक आम्ल बसवले आहे आणि ते ठिबकमधून सोडणे योग्य नाही. याच कारणाने कॅल्शियम नायट्रेट किंवा आम्लधर्मी खते त्याच टाकीत घालू नयेत. चुनखडीयुक्त जमिनीत हे द्रावण मुळांपाशीच बसून राहते, त्यामुळे एकदाच जास्त देण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा द्यावे.

परिणाम जोखताना एक गोष्ट विसरली जाते. वरच्या प्रमाणात ६२० ग्रॅम कॉस्टिकमधून सुमारे ४७० ग्रॅम पोटॅश येते, म्हणजे द्रावणाच्या प्रत्येक लिटरमध्ये जवळपास ९ ग्रॅम, आणि खताचे स्वतःचे पोटॅश त्याहून वेगळे. पीक तरारले तर ते ह्युमिकमुळे की पोटॅशमुळे, हे कळण्यासाठी शेजारच्या दोन ओळींना द्रावणाच्या प्रत्येक लिटरमागे १८ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश तितक्याच पाण्यातून द्यावे आणि आणखी दोन ओळी नुसत्या पाण्यावर ठेवाव्यात. फरक या तिन्हींची तुलना करूनच मान्य करावा.

गाळून उरलेला चोथा फेकू नये. वजनाने आणि सेंद्रिय कर्बानेही मालाचा मोठा भाग त्यातच राहिलेला असतो. वरच्या हिशोबातील २०० ग्रॅम ह्युमिक आम्लासाठी दहा किलो खत खर्ची पडले, हे लक्षात घेतले तर एकरभर रानाला हे द्रावण पुरवणे परवडत नाही हेही उघड होते. रानासाठी मुरलेले खतच द्यावे. द्रावण रोपवाटिका, कुंड्या आणि ठिबकवरील भाजीपाला यांच्यापुरते राखून ठेवावे. चोथा अल्कधर्मी असल्याने तो नव्या ढिगाच्या तळाशी घालावा, तेथे त्याचा सामू आपोआप उतरतो. द्रावण सावलीत, सैल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवावे, तीन-चार आठवड्यांत संपवावे आणि लागेल तेवढेच करावे.

स्वतःच्या शेतापुरते हे करण्यास अडसर नाही, परंतु विक्री करायची असेल तर नियम वेगळे आहेत. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये फेब्रुवारी २०२१ च्या दुरुस्तीने बायोस्टिम्युलंटचा, म्हणजे पिकाच्या वाढीस चालना देणाऱ्या पदार्थांचा, समावेश झाला आणि ह्युमिक व फल्विक आम्ले ही त्यातील एक वर्गवारी आहे. नोंदणी आणि विहित चाचण्यांशिवाय बाटलीवर नाव छापून ती विकता येत नाही.